पेट्रोल मुरलेल्या विहिरीचं पाणी आपोआप साफ झालं म्हणता? या चुका टाळा

वास गेला की पाणी साफ झालं, ही सगळ्यात मोठी चूक आणि आपल्या बेळगाव-खानापूर भागात मी हीच जास्त ऐकतो. पाण्यात बेंझिन (पेट्रोलमधलं विषारी रसायन) लिटरमागं साधारण 10 मिलिग्रॅम झालं की त्याचा वास जाणवतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे नाकाला कळेपर्यंत हजारपट झालेलं असतंय. वास नाही म्हणून पोराबाळांना ते पाणी देऊ नका ओ, आधी टेस्ट करा.

दुसरी चूक पावसाळ्याची. मे महिन्यात सॅम्पल घेतलं, परत ऑगस्टमध्ये घेतलं, बेंझिनचा आकडा निम्मा आला, झालं, जमिनीतल्या जंतूंनी पेट्रोल खाल्लं म्हणून रिपोर्ट तयार! अहो खानापूरचा पाऊस बघितलाय ना, विहीर काठोकाठ भरते, मग ते नुसतं पातळ झालेलं असू शकतंय. कधी उलटंही होतं, पाणी वर चढून मातीला चिकटलेल्या पेट्रोलला लागतं आणि आकडा वाढतो. म्हणून मेची तुलना मेशीच करा, तीही दोन-तीन वर्षं, आणि दरवेळी पाण्याची पातळी टेपनं मोजून लिहून ठेवा.

जंतूंनी खरंच खाल्लंय का ते नुसत्या बेंझिनवरनं कळत नाही. ते आधी ऑक्सिजन संपवतात (1 मिलिग्रॅम बेंझिनला साधारण 3 मिलिग्रॅम लागतो), मग नायट्रेट, मग मातीतलं लोह, मग सल्फेट, शेवटी मिथेन तयार होतो, म्हणून हे सगळं मोजायचं. हायवेजवळच्या एका विहिरीचं पाणी मी बादलीत काढलं तेव्हा काचेसारखं होतं, चहा पिऊन आलो तर तांबूस झालेलं, तळाला गाळ बसलेला. ते विरघळलेलं लोह, हवा लागली की गंजतं. खूण चांगली आहे, पण आपली माती मुळातच लोहाची, त्यामुळं पेट्रोल पंपाच्या वरच्या अंगाच्या (जमिनीतलं पाणी जिकडनं वाहत येतं त्या बाजूच्या) चांगल्या विहिरीतलं लोह मोजल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका.

आणि आताच्या ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमधलं इथेनॉल जंतू आधी खातात, ऑक्सिजन तिथंच संपतो, बेंझिन मागं राहून लांबवर जाऊ शकतं.

पेट्रोल पंपाची टाकी अजून गळत असेल तर आधी ती बंद करा, बाकी सगळं नंतर.

सॅम्पल मोटारीनं बादलीत पाडून बाटलीत ओतू नका, बेंझिन उडून जातं आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. 40 मिलीची काचेची बाटली काठोकाठ भरा, झाकण लावून उलटी करून टिचकी मारा, बुडबुडा दिसला तर नवी बाटली घेऊन परत भरा, आणि लगेच बर्फात ठेवा.