रांगडं राहूनच रुबाबात कसं राहायचं, कोल्हापूरच्या पोरांसाठी

भावा, कोल्हापुरात रुबाब कुणाला शिकवायला लागत नाही, तो असतोच. पण गेल्या काही वर्षांत रुबाब म्हणजे छातीभर लोगोचा टीशर्ट, गळ्यात जाड चेन, बुलेटचा सायलेन्सर फोडलेला आणि वाढदिवसाला चौकात फ्लेक्स असं काहीतरी होऊन बसलंय, आणि खरं सांगायचं तर ते बघून वाईट वाटतं, कारण आपल्याकडं पांढरा शर्ट, साधी पँट आणि पायात तेल लावलेली चप्पल एवढ्यावर माणूस अख्ख्या महाद्वार रोडला उठून दिसतो. त्याला पैसा लागत नाही असं नाही, पण लै लागत नाही. लक्ष मात्र द्यायला लागतं.

पहिली गोष्ट फिटिंग. बाकी काहीच जमलं नाही तरी एवढं कर. आरशासमोर उभा राहा आणि शर्टाची खांद्याची शिवण बघ, ती खांद्याचं हाड जिथं संपतं बरोबर तिथं आली पाहिजे, दंडावर उतरली तर शर्ट मोठा, मानेकडं सरकली तर छोटा. बाही मनगटाच्या हाडापर्यंत. बटणं लावल्यावर पोटावर ताण दिसायला नको. रेडिमेड घेताना खांदा बघूनच घे, कारण बाजू दाबणं, उंची कमी करणं हे कुठलाही टेलर थोड्या पैशात करून देतो पण खांदा उसवून परत बसवायचा म्हणजे नवीन शर्ट शिवण्याइतकंच काम. तालमीत जाणाऱ्या पोरांचा तर हा कायमचा त्रास, छाती आणि मान भरलेली, कंबर बारीक, रेडिमेड शर्ट वर घट्ट आणि खाली तंबू. अशांनी सरळ शिवूनच घ्यावं, आपल्याकडं अजून चांगले टेलर आहेत आणि कापडाला तर इचलकरंजी शेजारीच आहे, १९०४ पासून तिथं यंत्रमाग चालतोय.

कापड घेताना ५८ इंच पन्ह्याचं (पन्हा म्हणजे कापडाची रुंदी) असेल तर फुल शर्टाला साधारण १.६० मीटर आणि पँटला १.२० ते १.३० मीटर लागतं, ३६ पन्हा असेल तर शर्टालाच सव्वादोन मीटरच्या पुढं जातं, उंच असशील तर अजून थोडं जास्त घे. आणि सुती कापड टेलरला द्यायच्या आधी घरी एकदा पाण्यात भिजवून सावलीत वाळव. सुती आटतं. न भिजवता शिवलं की पहिल्या धुण्यात बाही वर जाते आणि मग लोक टेलरला नावं ठेवतात. माप देताना पोट आत ओढून उभं राहू नको, रोज जसा उभा असतोस तसाच राहा, आणि खिशातला मोबाईल, पाकीट काढून ठेव. टेलरला घाई करू नको, कच्च्या शिलाईवर एकदा अंगावर घालून बघायला मिळेल का विचार, चांगला कारागीर ह्या प्रश्नानं खूशच होतो.

रंगाचं फार डोक्यात घेऊ नको. पांढरा, आकाशी, नेव्ही, राखाडी, खाकी. एवढ्यात वर्ष निघतं. साधेपणाला जगभर मान आहे आणि तो जुना आहे, लंडनमध्ये १८०० च्या आसपास बो ब्रमेल म्हणून एकजण होता, त्यानं भरजरी कपडे आणि पावडर लावलेले केस बाजूला ठेवले आणि गडद साधा कोट, स्वच्छ पांढरा शर्ट, रोजची अंघोळ एवढ्यावर सगळ्या दरबाराला मागं टाकलं, आज आपण जो सूट घालतो त्याचं मूळ तिथंच सांगतात.

आता चप्पल, ह्यावर मी जरा जास्त बोलणार कारण हे आपलं आहे. २०१९ ला कोल्हापुरी चप्पलला जीआय, म्हणजे ही वस्तू ह्याच भागातली असं सरकारी मानांकन, मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसलीच चप्पल मॉडेलच्या पायात घातली, आधी आपलं नावच घेतलं नाही, ओरड झाल्यावर मान्य केलं. आणि आपली पोरं मात्र लग्न सोडून ती घालत नाहीत. घाल की भावा! पण अस्सल घे. कडेला कापलेला भाग नीट बघ, चामडं असेल तर तंतू दिसतात, रेक्झिन असेल तर आत कापडाचा थर दिसतो. अस्सल चप्पल बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची असते, शिलाई चामड्याच्याच वादीची, खिळा नसतो. हातात घेऊन वास घे, लगेच कळतं. करकर वाजणारी पाहिजे असेल तर विंचू (आवाज करणारा भाग) घातलेली माग, पण ऑफिसला किंवा कुणाच्या घरी भेटायला जाताना न वाजणारीच बरी असं माझं स्पष्ट मत आहे.

नवी चप्पल चावतेच. रात्री पट्ट्याला आणि अंगठ्याला आतून खोबरेल नाहीतर एरंडेल तेलाचं बोट फिरव, सकाळी कोरड्या फडक्यानं पुसून घे आणि पहिले काही दिवस घरातल्या घरात घालून फीर, मग बाहेर. जून ते सप्टेंबर ती कपाटात, आपल्या पावसात चामडं टिकत नाही. चुकून भिजलीच तर सावलीत वाळव, उन्हात ठेवलीस की कडक होऊन भेगा पडतात. आणि चप्पल घालायची तर टाचा स्वच्छ आणि नखं कापलेली पाहिजेत, भेगाळलेल्या टाचेवर कितीही भारी चप्पल असली तरी नजर टाचेवरच जाते.

स्वच्छतेचं थोडक्यात. गळ्याकडं दाढीची रेघ कंठाच्या दोन बोटं वर ठेव, जबड्यावर नको. अत्तर मनगटाला आणि मानेला थोडंसंच, लिफ्टमध्ये तू उतरल्यावर वास मागं राहिला तर ते जास्त झालं. इस्त्री कापड थोडं ओलसर असताना कर.

पण हे सगळं करून हॉटेलात बसल्यावर पोऱ्याला टिचकी वाजवून 'ए' म्हणून हाक मारलीस तर सगळं पाण्यात. इथं आपल्याला बाहेर कुठं बघायची गरजच नाही, राजर्षी शाहू महाराजांचं बघ. गंगाराम कांबळे दलित म्हणून त्यांच्या हॉटेलात चहा प्यायला कुणी जायला तयार नव्हतं, तर भाऊसिंगजी रोडवर महाराज स्वतः गाडी थांबवून त्यांच्याकडचा चहा प्यायचे, सगळ्यांच्या देखत. छत्रपती होते, त्यांना कुणी काय विचारणार होतं. पुरुषाची ऐट कुठं असते हे मला तरी ह्याच्यापेक्षा चांगलं कुठं दिसलेलं नाही. म्हणून मी म्हणतो की वॉचमन, पेट्रोल पंपावरचा पोरगा, गंगावेशीत कट्ट्यावर दूध काढून देणारे मामा, ह्यांच्याशी तू कसा बोलतोस तिथं पहिलं लक्ष दे. वयानं मोठे असतील तर अहो. लहान असेल तर नाव विचार आणि नावानं हाक मार. फोन स्पीकरवर टाकून बोलू नको. घरातल्या बायकांचं बोलणं मधेच तोडू नको, हे तर आपल्याकडं लै होतं.

रांगडेपणा सोडायचा नाही, उलट तोच तर आपला खरा माल आहे. मोकळं बोलणं, तोंडावर बोलणं, मित्रासाठी रात्री दोनला धावून जाणं हे शहरी गुळगुळीतपणापेक्षा शंभरपट चांगलं. फक्त शिवी कुठं द्यायची आणि कुठं गिळायची हे कळलं पाहिजे. खासबागेत कुस्ती बघितलीस तर कळेल, पैलवान मातीला हात लावून कपाळाला लावतो, सलामी देतो, मग जीव खाऊन लढतो, आणि चितपट झाल्यावरही समोरच्याचा हात हातात घेऊन, मान खाली न घालता बाहेर येतो. हरल्यावर तसं चालत बाहेर येणं आलं पाहिजे, मॅच असो, इलेक्शन असो नाहीतर पोरीनं दिलेला नकार असो. नकार आला की पुन्हा मेसेज नाही, मित्रांत तिच्याबद्दल एक शब्द नाही. बास.

लग्नाचं एक सांगतो, मे महिन्यात थ्री पीस घालून घामाघूम होण्यापेक्षा लिननचा बंदगळा घाल, वर फेटा बांधायचा असेल तर बांधून घे, पण मग चेन, ब्रेसलेट, गॉगल हे सगळं एकदम नको, फेटा एकटाच पुरेसा आहे. कोट घातलास तर सगळ्यात खालचं बटण उघडंच ठेव आणि शर्टाचा कफ कोटाच्या बाहेर साधारण एक सेंटीमीटर दिसू दे.

पगार कमी असेल तर एकदम सगळं घेऊ नको. आधी आहेत तेवढे कपडे बाहेर काढ, ज्यांचे खांदे बरोबर आहेत ते ठेव, त्यांच्या बाजू आणि उंची नीट करून घे, बाकी देऊन टाक. मग एक पांढरा आणि एक आकाशी शर्ट शिव, एक राखाडी पँट, आणि पाऊस थांबल्यावर एक अस्सल चप्पल. दिवाळीच्या तोंडावर टेलर कापड घेतच नाहीत, घेतलं तरी घाईत शिवतात, त्यामुळं गणपती झाले की लगेच नेऊन टाक.