मनोरुग्ण आरोपीचं वकीलपत्र घेताना: नव्या वकिलांसाठी

सत्र न्यायालयात बचावाचं काम करू लागलात की कधीतरी आरोपीची आई किंवा भाऊ सांगेल, "साहेब, याच्या डोक्यावर परिणाम झालाय, सोडवा याला." नुसत्या आजारावर कोणी सुटत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 22 (जुनं भादंवि 84) कृत्याच्या वेळेपुरतं विचारतं: आपण काय करतोय, किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे कळण्याची ताकदच मनोविकारामुळे गेली होती का? हे दाखवण्याचा भार आपल्यावर असतो. पण सर्वोच्च न्यायालयाच्या 1964 च्या ठक्कर निकालाप्रमाणे आपली बाजू अधिक संभवनीय ठरली तरी पुरतं.

त्या वेळी मनात काय होतं याचा थेट पुरावा मिळत नाही. म्हणून घटनेच्या आधीचं, वेळचं आणि नंतरचं सगळं जुळवावं लागतं. 2002 चा महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाचा निकाल मुळातून वाचाच. त्याने बायकोचा खून केला होता. पण 1992 पासून पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे (संशय आणि भास होणाऱ्या गंभीर मनोविकाराचे) उपचार, वडिलांनाही मानसिक आजार, अगदी किरकोळ हेतू, दिवसाढवळ्या कृत्य करूनही न पळणं, आणि नंतर काही महिन्यांत 25 वेळा दवाखान्यात न्यावं लागणं, हे एकत्र पाहून सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं.

त्यामुळे माझं पहिलं काम उपचारांचे जुने केसपेपर शोधण्याचं असतं. लग्न मोडेल या भीतीने घरच्यांनी ते दडवलेले किंवा फाडलेले असतात. त्यांना दोष देऊ नका. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांत जुनी नोंद आहे का पाहा, औषधांच्या पावत्या मागा, अटकेनंतरची वैद्यकीय तपासणी आणि तुरुंगातल्या डॉक्टरांच्या नोंदी कोर्टामार्फत मागवा. खटल्यासाठी वर्षभराने केलेली तपासणी एकटी फार टिकत नाही.

आरोपी आज खटला समजू शकतो का, हा प्रश्न वेगळा. तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम 367-368 खाली येतो, आणि त्यात खटला सहसा पुढे ढकलला जातो, संपत नाही.

घरच्यांना एक गोष्ट सुरुवातीलाच सांगा: निर्दोष म्हणजे लगेच घरी, असं नाही. कृत्य त्यानेच केलं असं ठरलं, तर याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 374 प्रमाणे त्याला सुरक्षित ताब्यात ठेवतात किंवा जामीन देणाऱ्या नातेवाइकाकडे सोपवतात. औषधपाण्याची जबाबदारी घेणारं माणूस निकालाआधीच तयार ठेवा.