पाच क्रेडिट्सची गोष्ट: न्यू जर्सीत मुलांना हायस्कूलला घालणाऱ्या मराठी पालकांसाठी

ऑगस्ट २०२२ मध्ये आम्ही सांगलीहून न्यू जर्सीत आलो तेव्हा लेकीची नववी झाली होती. इथल्या शाळेत ती थेट दहावीत बसली आणि जून २०२५ मध्ये पदवीची टोपी घालून मैदानावर उभी राहिली. मधल्या तीन वर्षांत गणितानं दमवलं नाही, इंग्रजीनंही नाही. दमवलं ते चित्रकलेनं. म्हणजे चित्र काढता येत नव्हतं म्हणून नव्हे. चित्रकलेचा विषय घ्यायचा राहून गेला म्हणून. नव्यानं येणाऱ्यांच्या वाट्याला ते येऊ नये, यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी इथला हिशेब समजून घ्या. आपल्याकडे दहावीला ठरलेले विषय असतात, बोर्डाची परीक्षा असते, पास की नापास ते एका निकालावर ठरतं. इथं बोर्डाची अशी एकच परीक्षा नाही. नववी ते बारावी या चार वर्षांत मूल जे विषय पूर्ण करतं त्यांची क्रेडिट्स साठत जातात. न्यू जर्सीत डिप्लोमासाठी, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी, राज्यानं किमान १२० क्रेडिट्स ठरवली आहेत आणि वर्षभराच्या एका विषयाला साधारण ५ मिळतात. इंग्रजी २०, गणित १५, विज्ञान १५, सोशल स्टडीज १५, परकी भाषा ५, करिअर किंवा तांत्रिक विषय ५, आर्थिक साक्षरता अडीच, शारीरिक शिक्षण दरवर्षी पावणेचार. आणि दृश्य व प्रयोगजीवी कला ५. शिवाय अकरावीत राज्याची इंग्रजी आणि गणिताची चाचणी असते, ती वेगळी.

त्या कलेच्या पाचांकडे आम्ही पाहिलंच नाही. आपल्या डोक्यात चित्रकलेचा तास म्हणजे शनिवारचा शेवटचा तास. तो कधी गणिताच्या बाईंनी घेतला तरी कुणाची तक्रार नसते. इथं नियम असा आहे की बाकीची ११५ क्रेडिट्स उत्तम असली, एपीचे (म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे) सहा विषय झाले असले, तरी कलेची पाच नसतील तर डिप्लोमा हातात पडत नाही.

आमच्या बाबतीत काय झालं ते सांगते. शाळेत नाव घालायला गेलो तेव्हा नववीची गुणपत्रिका आणि तिचं भाषांतर बरोबर होतं. काउन्सेलर बाईंनी एकेक विषय आपल्या फॉर्मवर बसवला. इंग्रजीला इंग्रजी, गणिताला गणित, इतिहास-भूगोल सोशल स्टडीजमध्ये. मराठी आणि हिंदी परक्या भाषेच्या रकान्यात गेल्या, त्यामुळे तो रकाना तर पहिल्याच दिवशी भरला. मग त्यांचं बोट 'स्वविकास व कलारसास्वाद' या ओळीवर थांबलं. आपल्याकडचा हा श्रेणी-विषय. भाषांतरात त्याचं जे काही झालं होतं ते वाचून त्यांनी विचारलं, हा आर्टचा क्लास होता का? मी हो म्हटलं. त्यांनी पेन्सिलनं एक खूण केली. त्या पेन्सिलच्या खुणेवर आम्ही दोन वर्षं निर्धास्त राहिलो.

दरम्यान काउन्सेलर बदलल्या. बारावीच्या सुरुवातीला, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, नव्या बाईंनी लेकीला बोलावून सांगितलं की अधिकृत ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे विषय आणि क्रेडिट्सच्या शाळेतल्या नोंदपत्रावर, कलेची क्रेडिट्स शून्य आहेत. त्या विषयाला किती तास होते, काय शिकवलं, मूल्यमापन कसं झालं याचा काहीच कागद नसल्यामुळे शाळेनं तो मान्य केलेला नव्हता आणि आम्हाला कुणी कळवलंही नव्हतं. मी जाऊबाईंना फोन करून कपाटातून एलिमेंटरी परीक्षेचं प्रमाणपत्र शोधायला लावलं. अ श्रेणी होती, सातवीतली. तेही चाललं नाही. हायस्कूलची क्रेडिट्स नववीपासून पुढच्या कामाचीच धरतात. विषय बदलण्याची मुदत संपायला तीन दिवस उरले होते. एपी सायकॉलॉजी सोडून तिनं सिरॅमिक्स घेतलं. त्या रात्री ती जेवली नाही. मलाही घास उतरला नाही, कारण पहिल्या दिवशी "हो" म्हणणारी मी होते.

म्हणून नव्यानं येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: गुणपत्रिकेबरोबर शाळेच्या लेटरहेडवर विषयवार आठवड्याचे तास, अभ्यासक्रमाचा दोन ओळींचा गोषवारा आणि श्रेणीचा अर्थ असं पत्र भारतातून निघण्यापूर्वीच घ्या. मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का हवा. इथं आल्यावर ते मागवणं फार जड जातं. आणि कोणती क्रेडिट्स मान्य झाली ते तोंडी ऐकून घरी येऊ नका, पहिल्याच महिन्यात ट्रान्सक्रिप्टची प्रत मागा. ती मागणं हा तुमचा हक्क आहे, त्यात संकोच कसला.

आता त्या सिरॅमिक्सच्या वर्गाबद्दल. तिथं मला राज्याची कलेची मानकं, म्हणजे कोणत्या टप्प्यावर मुलाला काय यायला हवं याची आखणी, म्हणजे काय ते खरं कळलं.

न्यू जर्सीची सध्याची कलेची मानकं २०२० सालची आहेत. त्यांचा साचा २०१४ च्या राष्ट्रीय मानकांवरून घेतलेला आहे. त्यात पाच शाखा आहेत: नृत्य, संगीत, नाट्य, दृश्यकला आणि माध्यमकला. या शेवटच्या शाखेत ॲनिमेशन, व्हिडिओ, डिजिटल काम येतं. पाचवीपर्यंत मुलाला पाचही शाखांची तोंडओळख व्हावी, पुढे एखाद्या शाखेत त्याचा हात बसावा आणि हायस्कूल संपताना निदान एका शाखेत त्याला खरं प्रावीण्य असावं, अशी चढती मांडणी आहे. प्रत्येक शाखेत चार प्रक्रिया: निर्मिती, सादरीकरण, प्रतिसाद आणि जोडणी. कागदावर हे शब्द कोरडे वाटतात. मलाही वाटले होते.

लेकीचं पहिलं भांडं भट्टीत फुटलं. भिंत जाड राहिली होती आणि आत ओल होती. ती रडवेली होऊन घरी आली की आता ग्रेड गेली. दुसऱ्या दिवशी शिक्षिकेनं तिला फुटलेले तुकडे मांडून त्यांचा फोटो काढायला सांगितला आणि जाडी कुठं किती होती, भांडं का फुटलं हे वहीत लिहायला लावलं. त्या पानाला पूर्ण गुण मिळाले. निर्मितीच्या मानकात पुन्हा पुन्हा करून सुधारणं हा मोजण्याचाच भाग आहे. फक्त शेवटची वस्तू पाहून गुण देत नाहीत. मग प्रतिसाद म्हणजे वर्गातल्या दुसऱ्याच्या कामाबद्दल "छान आहे" न म्हणता काय दिसतं, कशामुळे तसं वाटतं ते बोलायचं. आपल्या मुलांना हे सुरुवातीला अवघड जातं. कुणाच्या कामात खोट काढणं त्यांना उद्धटपणा वाटतो.

जोडणीसाठी तिनं गणपती निवडला. आमच्या गल्लीत शाडूची माती आणून आजोबा गणपती करायचे, ती शेजारी बसून उंदीर करायची. तिनं लिहिलं की इथं मी माती भाजते ती टिकावी म्हणून, आणि आजोबा माती भाजत नव्हते ती पाण्यात विरघळावी म्हणून. वर्षअखेरीस तिनं दोन सारखे उंदीर मांडले, एक भाजलेला आणि एक कच्चा, आणि कच्चा सगळ्यांसमोर पाण्याच्या काचेच्या भांड्यात सोडला. दहा-बारा मिनिटं वर्ग नुसता बघत उभा होता, असं तिनं सांगितलं. मला तिनं व्हिडिओ दाखवला. उंदराचे कान आधी गेले, मग पाठ खचली, शेवटी तळाला गढूळ थर उरला.

हा विषय आम्ही दहावीतच घेतला असता तर तिला तो तीन वर्षं मिळाला असता. माझी हळहळ एपी सायकॉलॉजीबद्दल नाही, त्या दोन वर्षांबद्दल आहे.

आता शाळेच्या ग्रॅज्युएशन रेटबद्दल, म्हणजे किती टक्के मुलांना वेळेत डिप्लोमा मिळतो त्या आकड्याबद्दल. या सगळ्याचा त्याच्याशी काय संबंध, असं वाटेल. घर घेताना आपण सगळे तो आकडा बघतो आणि तो नेमका काय आहे हे विचारत नाही. हा आपल्या दहावीच्या निकालाच्या टक्केवारीसारखा आकडा नाही. परीक्षेला बसलेल्यांपैकी किती पास, असं इथं मोजत नाहीत. एखाद्या वर्षी नववीत पहिल्यांदा आलेल्या मुलांचा गट धरतात, नंतर बदली होऊन आलेली मुलं त्यात मिळवतात, रीतसर दुसरीकडे गेलेली वजा करतात आणि त्यातल्या किती जणांना चार वर्षांत नियमित डिप्लोमा मिळाला ते काढतात. केंद्रानं २००८ साली ही पद्धत सगळ्या राज्यांना लागू केली. न्यू जर्सीचा दर जुन्या मोजणीनं नव्वदीच्या बराच वर दिसायचा. २०११ साली नव्या मोजणीनं तो ८३ टक्क्यांवर आला. शाळा एका वर्षात बिघडल्या नव्हत्या, मोजमाप प्रामाणिक झालं. अलीकडच्या वर्षांत तो ९१ टक्क्यांच्या आसपास आहे.

म्हणजे दहावीत आलेली माझी लेक पहिल्या दिवसापासून शाळेच्या छेदात होती आणि त्या पाच क्रेडिट्सवाचून अंशात आली नसती. उन्हाळी वर्गात राहिलेलं क्रेडिट पूर्ण केलं तर त्याच वर्षात धरतात, पाचव्या वर्षी पूर्ण केलं तर पाच वर्षांच्या दरात दिसतं. हायस्कूल सोडून समकक्ष परीक्षेचं प्रमाणपत्र घेणारा मात्र यात धरत नाहीत. आकड्यात मूल असं एकेकटं बसलेलं असतं, हे मला तेव्हा जाणवलं. काउन्सेलरलाही तुमचं मूल वेळेत पार पडायला हवंच असतं, तेव्हा तुम्ही विचारपूस केलीत तर कुणाला त्रास होतो असं समजू नका.

इथंच आणखी एक गोष्ट, परत जाणाऱ्यांसाठी. आमच्या ओळखीचं एक कुटुंब मुलगा अकरावीत असताना पुण्याला परतलं. घाईत फोनवर कळवलं आणि विमानात बसले. नंतर शाळेकडून ईमेलवर ईमेल. कारण मूल देश सोडून गेलं याची लेखी नोंद शाळेकडे नसेल तर ते गटातून वजा करता येत नाही, शिकत असूनही ते इथं डिप्लोमा न मिळालेल्यांत धरलं जातं. परत जाताना दोन ओळींचं सहीचं पत्र द्या. ज्या शाळेनं तुमच्या मुलाला सांभाळलं तिच्यासाठी एवढं करायलाच हवं.

घर बघताना राज्याचा स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा. त्यात ग्रॅज्युएशन रेट गटवार दिलेला असतो. इंग्रजी शिकत असलेल्या मुलांचा, आर्थिक अडचणीतल्या मुलांचा वेगळा. एकूण ९६ आणि एखाद्या गटाचा ७५ असेल तर तो फरक मला एकूण आकड्यापेक्षा जास्त सांगतो. त्याच अहवालात संगीत, नाट्य, नृत्य, दृश्यकला यांत किती टक्के मुलं आहेत तेही असतं. २०१९ साली न्यू जर्सी हे सर्व सार्वजनिक शाळांत कलाशिक्षण उपलब्ध करून देणारं देशातलं पहिलं राज्य ठरलं. पण उपलब्ध असणं आणि चारही कला असणं यात अंतर आहे. नृत्य-नाट्याचे आकडे अनेक ठिकाणी अगदी तोकडे दिसतील.

तुमचं मूल बाहेर तबला, कथक किंवा भरतनाट्यम शिकत असेल तर 'ऑप्शन टू'बद्दल विचारा. शाळेबाहेरच्या शिक्षणाला क्रेडिट देण्याची ही राज्याच्या नियमातली सोय आहे. द्यायचं की नाही आणि कसं, हे स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे तुमच्या भागातल्या शाळांचं मंडळ, ठरवतं. आमच्याकडे वर्ष सुरू होण्याआधी अर्ज द्यावा लागतो, झालेल्या गोष्टीला मागाहून क्रेडिट मिळत नाही. तरी माझं मत विचाराल तर एक वर्ष शाळेतला वर्ग घेऊ द्या. बाहेर आपण गुरूसमोर बसून शिकतो, शाळेत मूल इतर मुलांच्या कामासमोर उभं राहतं. दोन्हींची चव वेगळी.

आणि दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकांचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका. टेक्सासमध्ये वर्षभराच्या विषयाला १ क्रेडिट, फाइन आर्ट्सचं १ लागतं. न्यू जर्सीत तेच ५. कॅलिफोर्नियात राज्याच्या किमान नियमानुसार कलेऐवजी परकी भाषा किंवा तांत्रिक विषयही चालतो, पण तिथल्या सरकारी विद्यापीठांत प्रवेश हवा असेल तर कलेचं एक वर्ष लागतंच. माझी मावसबहीण फ्रीमाँटहून मनापासून सांगत होती की कला नसली तरी चालते. ती तिच्या राज्याबद्दल बोलत होती.

येत्या ऑगस्टमध्ये जाऊबाईंचा मुलगा आमच्याकडे शिकायला येतोय, तोही नववी करून. त्याच्या मुख्याध्यापकांचं पत्र मार्चमध्येच तयार करून घेतलंय, तासांच्या तक्त्यासकट, शिक्क्यासह. विषयांच्या यादीत पहिला विषय त्यानं स्वतः लिहून पाठवला: सिरॅमिक्स. उंदराचा व्हिडिओ त्याला आधीच कुणीतरी दाखवलाय.