पेन्शनचा खर्च आणि ‘फुकट’ सल्ला : या चुका टाळा

मी ट्रेझरीत नोकरी केली आणि आकडेमोडीचा मला कंटाळा नाही, एवढ्या भांडवलावर आमच्याकडचे लोक निवृत्तीचे कागद घेऊन माझ्याकडे येतात. पहिला प्रश्न ठरलेला : “सगळ्यात भारी पेन्शन प्लॅन कोणता, तेवढं सांगा.” त्यात खर्च किती जातो, हे विचारणारा विरळा. परवा एक गृहस्थ तावातावाने आले. एनपीएसच्या (राष्ट्रीय पेन्शन योजनेच्या) खात्यातून वर्षाला शंभर-दीडशे रुपये कापतात म्हणजे काय! त्यांच्याच पिशवीत म्युच्युअल फंडांचं सहामाही एकत्रित स्टेटमेंट होतं. त्यात वितरकाला दिलेलं कमिशन रुपयांत छापलेलं होतं : सहा महिन्यांचे अकरा हजारांच्या वर. ती ओळ त्यांनी कधी वाचलीच नव्हती.

चूक पहिली : सल्ला फुकट मिळतोय असं समजणं

ही माझी खास डोकेदुखी आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आमच्या ओळखीचे एक गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून २०२३ मध्ये निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी, अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग विकून मिळणारी एकरकमी रक्कम), भविष्य निर्वाह निधी असे सगळे पैसे एका बँकेतल्या खात्यात आले आणि आठवडाभरात तिथला माणूस पेढे घेऊन घरी हजर. “सर, एफडीत काय ठेवताय? आठ टक्के पेन्शन घ्या, आयुष्यभराची काळजी मिटली. आमची फी काही नाही.” गुरुजींनी सह्या केल्या. व्हेरिफिकेशनचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा, असंही बजावून झालं. गुरुजी हो म्हणाले.

पॉलिसीचं बाड प्लॅस्टिकच्या पाकिटात आलं आणि न फोडता कपाटात गेलं. वर्षभराने दुसऱ्या हप्त्याचा मेसेज आला तेव्हा त्यांना कळलं की तीन लाख एकदाच भरायचे नव्हते, दरवर्षी भरायचे होते, पाच वर्षं.

मी पाकीट फोडलं. अर्जात गुरुजींचं वार्षिक उत्पन्न बारा लाख, व्यवसाय शेती! पाच वर्षांत पंधरा लाख भरा, पहिल्या हप्त्यापासून सात वर्षांनी वर्षाला एक लाख वीस हजार सुरू, ते वीस वर्षं, आणि शेवटच्या हप्त्यासोबत पंधरा लाख परत. पंधरा लाखांवर एक लाख वीस हजार म्हणजे आठ टक्के, हे खरंच. पण मधली कोरडी वर्षं धरून एक्सेलमध्ये आयआरआर, म्हणजे पैसे कधी गेले आणि कधी आले ते धरून वर्षाचा खरा दर, काढला तर परतावा ५.८ टक्क्यांच्या आसपास येतो. शिवाय पहिल्या हप्त्यावर तेव्हाच्या नियमाने साडेचार टक्के जीएसटी गेला तो वेगळाच.

त्याच वेळी पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर ८.२ टक्के होता. पंधरा लाख ठेवले तर तिमाहीला ३०,७५० रुपये, वर्षाचे एक लाख तेवीस हजार, आणि तेही लगेच सुरू. साठीच्या आत निवृत्त झालेल्यांनाही पंचावन्ननंतर ती उघडता येते. फक्त निवृत्तीचे पैसे हाती आल्यावर मुदतीत उघडावी लागते. ही मुदत पूर्वी एक महिना होती, नोव्हेंबर २०२३ पासून तीन महिने आहे. पाच वर्षांनी मुदतवाढीच्या वेळी दर बदलू शकतो, हे मान्य. पण ही योजना त्या पेढेवाल्याने नावालाही का काढली नाही? कारण या योजनेवरचं एजंटांचं कमिशन २०११ च्या डिसेंबरपासून बंद आहे. ज्यावर कुणाला काही मिळत नाही, ते सांगायला तुमच्या घरी कोण येणार?

त्या वेळच्या नियमांत एक हप्ता भरून अशी पॉलिसी सोडली तर हाती भोपळाच होता. फ्री-लुकची, म्हणजे पॉलिसी नापसंत म्हणून परत करण्याची, मुदत केव्हाच संपलेली. मग गुरुजींची निवृत्तिवेतनाची ऑर्डर आणि अर्जातलं बारा लाखांचं उत्पन्न शेजारी-शेजारी ठेवून विमा कंपनीच्या तक्रार कक्षाला लेखी पत्र दिलं. उत्तर दिलं नाहीत तर बीमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्याकडे, जाणार, हेही त्यात स्पष्ट लिहिलं. बऱ्याच खेट्यांनंतर हप्ता परत आला. लोकपालाकडे फी लागत नाही, वकील लागत नाही. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत. पण प्रत्येकाचा अर्ज इतका ढळढळीत खोटा भरलेला नसतो.

यावर माझी सवय सांगतो. समोरच्याला एकच विचारायचं : “मी यात पैसे घातले तर तुम्हाला पहिल्या वर्षी किती रुपये मिळतील आणि नंतर दरवर्षी किती?” टक्क्यांत नाही, रुपयांत. उत्तर कागदावर मागायचं. राग आला तर चहा पाजून वाटेला लावायचं. पॉलिसी घेतलीच तर ज्या दिवशी हातात येईल त्याच दिवशी पाकीट फोडून बेनिफिट इलस्ट्रेशन, म्हणजे कोणत्या वर्षी किती भरायचं आणि किती मिळणार याचा तक्ता, वाचायचं. आता फ्री-लुकला तीस दिवस आहेत, ते कपाटात घालवायला दिलेले नाहीत.

चूक दुसरी : “एकच टक्का तर आहे”

खर्चाचा हा एक टक्का नफ्यावरचा नसतो, तुमच्या सगळ्या रकमेवरचा असतो आणि दरवर्षी जातो. महिना दहा हजार, पंचवीस वर्षं. दहा टक्क्यांनी वाढले तर सुमारे १ कोटी ३३ लाख, नऊ टक्क्यांनी वाढले तर १ कोटी १२ लाख. तुम्ही खिशातून घातले तीस लाख आणि तो ‘एकच टक्का’ नेतो वीस लाखांहून जास्त. हा हिशोब तरुणांपुढे मांडला की ते म्हणतात, “काका, पंचवीस वर्षांनंतरचं कोण बघतंय!” पेन्शन म्हणजे दुसरं काय असतं बाबा?

एनपीएसमध्ये २०२१ पासूनच्या तक्त्यानुसार फंड सांभाळण्याचा खर्च ०.०३ ते ०.०९ टक्के होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्टिपल स्कीम फ्रेमवर्क (एकाच सदस्याला अनेक योजनांत पैसे घालण्याची सोय) आलं, त्यातल्या योजनांना ०.३० टक्क्यांपर्यंत मुभा आहे. तेव्हा ‘नवीन’ आणि ‘जास्त इक्विटी’ एवढंच ऐकून उडी मारू नका, आधी दर बघा. युनिट लिंक्ड पेन्शनमध्ये (विमा कंपनीची बाजाराशी जोडलेली पेन्शन पॉलिसी) नुसता फंड व्यवस्थापन खर्चच १.३५ टक्क्यांपर्यंत असू शकतो, बाकीचे आकार वेगळे. म्युच्युअल फंडाच्या रेग्युलर, म्हणजे वितरकामार्फत घेतलेल्या, प्लॅनमध्ये वितरकाचं कमिशन खर्चात मिसळलेलं असतं, म्हणून वेगळं बिल कधी दिसत नाही. तळे राखी तो पाणी चाखी, पण तळ्याचे मालक तुम्ही आहात आणि किती पाणी गेलं ते स्टेटमेंटवर छापलेलं असतं.

मी वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये, एका वहीत प्रत्येक गुंतवणुकीसमोर खर्चाचा टक्का आणि त्याचे रुपये लिहितो. ॲप वगैरे काही नाही. रुपये स्वतःच्या हाताने लिहिले की आपोआप डोळे उघडतात.

चूक तिसरी : हे वाचून आज रात्रीच सगळं ‘डायरेक्ट’ करणं

उतावळ्यांची ही लाडकी चूक. डायरेक्ट, म्हणजे वितरकाशिवाय थेट फंडाकडून घ्यायचे, प्लॅन १ जानेवारी २०१३ पासून आहेत, पळून जात नाहीत. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणं म्हणजे आधी विकणं. एक्झिट लोड (लवकर विकल्यास कापला जाणारा आकार) बघा, आणि इक्विटी फंड असेल तर वर्षाला सव्वा लाखापुढच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, तो धरा. नवे हप्ते डायरेक्टमध्ये चालू करा आणि जुनं टप्प्याटप्प्याने हलवा. आणि बाजार पडला की घाबरून विकणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर वेळेला “थांबा” म्हणणारा वितरक त्याच्या कमिशनाच्या लायक आहे, हेही प्रामाणिकपणे मान्य करा. असे वितरक असतात. मी दोघा-तिघांना ओळखतो.

चूक चौथी : सल्ल्याची फी द्यायला नाक मुरडणं

वीस-पंचवीस हजार फी ऐकून उठून जाणारे लोक पुढच्याच आठवड्यात पॉलिसीच्या हप्त्यातून त्याहून जास्त कमिशन हसत देतात. फी घेऊन सल्ला देणारा सेबीकडे नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार असावा लागतो. नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ‘एआरएन’ क्रमांक असेल तर तो वितरक, त्याचं पोट कमिशनवर. व्हिजिटिंग कार्डावर ‘वेल्थ कोच’ लिहिलं असेल तर काहीच कळत नाही, क्रमांक मागा.

फी दोन प्रकारे घेता येते. ठरावीक रक्कम, जिला एका कुटुंबामागे वर्षाला एक लाख एक्कावन्न हजारांची मर्यादा आहे, किंवा रकमेच्या टक्क्यांवर, कमाल अडीच टक्के. निवृत्तांनी मी म्हणेन ठरावीकच घ्यावी. ऐंशी लाखांवर एक टक्का म्हणजे वर्षाला ऐंशी हजार, आणि दुसऱ्या वर्षापासून कामात फारसं नवीन काही नसतं. त्या ऐंशी लाखांत पीपीएफ आणि पोस्टाची ठेव मोजलेली नाही ना, तेही बघा.

बाकीच्या चुका थोडक्यात

एनपीएस बँकेतून उघडलं तर प्रत्येक हप्त्यावर अर्ध्या टक्क्यापर्यंत आकार जाऊ शकतो, ऑनलाइन त्याहून कमी. पन्नास हजारांवर अर्धा टक्का म्हणजे बँकेला जेमतेम अडीचशे रुपये; बँकेतला माणूस एनपीएसचं नाव उत्साहाने का घेत नाही, तेही यात आलं.

सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही. “आता पॉलिसी स्वस्त झाली, घेऊन टाका” असं कुणी म्हणेल. कर गेला, आतले आकार गेलेले नाहीत.

पीएफ काढून देतो म्हणून टक्केवारी मागणाऱ्याला एक पैसा देऊ नका. ऑनलाइन दाव्याला शुल्क नाही, आणि अडकतो तो बहुधा आधारवरच्या आणि खात्यातल्या नावातल्या फरकामुळे. आधी तो दुरुस्त करा.

ॲन्युइटी (विमा कंपनीला एकरकमी पैसे देऊन घेतलेली पेन्शन) घेताना पहिल्या कंपनीच्या पहिल्या आकड्यावर सही नको. एनपीएसमधून बाहेर पडताना बिगर-सरकारी सदस्यांना डिसेंबर २०२५ च्या बदलांनंतर किमान वीस टक्के रकमेची ॲन्युइटी घ्यावी लागते, पूर्वी चाळीस होती. घ्याल ती जन्मभरासाठी, नंतर दर वाढले म्हणून तुमची पेन्शन वाढत नाही. एकाच दिवशी तीन-चार कंपन्यांचे आकडे काढा, पर्याय सगळीकडे तोच ठेवा. एकीकडे ‘पश्चात पत्नीला पेन्शन, नंतर वारसाला रक्कम परत’ आणि दुसरीकडे ‘फक्त स्वतःला’ अशी तुलना करून मोठा आकडा निवडणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या बायकांना ते बहुतेक अजून माहीत नसावं.