लिगंड बदलला की आयआरचा बँड का सरकतो, आणि तो कसा वाचायचा

लिगंड म्हणजे धातूला जोडला जाणारा रेणू किंवा आयन, आणि दोघांचं मिळून बनतं ते कॉम्प्लेक्स. आयआरच्या (इन्फ्रारेड) आलेखात एखादा बंध जिथे प्रकाश शोषतो, तो त्याचा बँड. एमएस्सीच्या प्रोजेक्टात शिफ बेसचे (अझोमेथिन, म्हणजे कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध, असलेल्या लिगंडचे) कॉम्प्लेक्स केले की एक वाक्य हमखास लिहिलं जातं: अझोमेथिनचा बँड खाली सरकला, म्हणजे नायट्रोजन धातूला जोडला गेला. ते बरोबर असू शकतं. पण कशाच्या तुलनेत सरकला, किती सरकला आणि त्या जागी पाणी तर बसलं नव्हतं ना, हे पाहिल्याशिवाय लिहू नका. (खाली बँडचे सगळे आकडे तरंगसंख्येचे, म्हणजे एका सेंटीमीटरात किती लहरी मावतात त्याचे, प्रतिसेंटीमीटरमध्ये.)

सुरुवात पोटॅशियम ब्रोमाइडपासून; नमुना त्यात मिसळून, दाबून पातळ चकती, म्हणजे पेलेट, करून मोजतात. पाण्याचे बँड ३४०० आणि १६३० च्या आसपास येतात, आणि अझोमेथिनची जागा १६१० ते १६४० हीच. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते, पेलेट काचेसारखी निघते. जुलै लागला की तीच बाटली ओल धरते. ब्रोमाइड ११० अंशांवर दोन-तीन तास तापवा, डेसिकेटरमध्येच (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा. १ ते २ मिलिग्रॅम नमुना अगेटच्या खलात आधी एकटाच बारीक वाटा, मग साधारण २०० मिलिग्रॅम ब्रोमाइड घालून हलक्या हाताने मिसळा. १३ मिलिमीटरच्या डायला (साच्याला) ८ ते १० टन दाब, एक-दोन मिनिटं. बेसलाइन डावीकडे, म्हणजे जास्त तरंगसंख्येच्या बाजूला, घसरलेली दिसली तर वाटण जाड राहिलंय, पुन्हा करा. नुसत्या ब्रोमाइडची कोरी पेलेटही त्याच दिवशी घ्या. तिच्यात १६३० ला जे दिसेल ते तुमच्या लिगंडचं नाही.

मोकळा लिगंड आणि कॉम्प्लेक्स एकाच दिवशी, एकाच पद्धतीने मोजा. कॉलेजात मशीन नसेल आणि नमुने बाहेर पाठवायचे असतील तर दोन्ही एकाच पार्सलमध्ये, सुकवून, झाकण पॅराफिल्मने बंद करून पाठवा. लिगंडचा आकडा पेपरमधून उचलला तर तुलनेला अर्थ राहत नाही.

नायट्रोजनची इलेक्ट्रॉन-जोडी धातूकडे गेली की कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध सैल होतो आणि बँड सहसा १० ते ३० ने उतरतो. रिझोल्यूशन (मशीन वेगळा ओळखते तो लहानात लहान फरक) ४ असताना ३ चा फरक म्हणजे फरकच नाही. सॅलिसिलाल्डिहाइडचा शिफ बेस असेल तर साक्ष फिनॉलिक कार्बन-ऑक्सिजनची घ्या: तो १२८० च्या आसपासचा बँड ऑक्सिजन जोडला गेल्यावर वर चढतो. एक खाली, एक वर, असं दोन्ही दिसलं तर निष्कर्ष पक्का होतो. ३४०० चा ओएच नाहीसा झाला की नाही, यावर मात्र विसंबू नका. तिथे पाणी लपवाछपवी करतं.

बँड वर किंवा खाली का जातो, हे सगळ्यात स्वच्छ कार्बनिलमध्ये, म्हणजे धातूला जोडलेल्या कार्बन मोनॉक्साइडमध्ये, दिसतं. मोकळा कार्बन मोनॉक्साइड २१४३ ला. निकेल टेट्राकार्बनिलमध्ये सुमारे २०६०, कोबाल्टच्या एकऋण आयनात १८९०, लोहाच्या द्विऋण आयनात १७९०. धातूवर ऋणभार वाढला की तो कार्बनिलच्या प्रतिबंधी (बंध कमकुवत करणाऱ्या) कक्षकात जास्त इलेक्ट्रॉन सोडतो आणि कार्बन-ऑक्सिजन बंध ढिला होतो. आता त्याच धातूवर शेजारी बदला. वरच्या धरणांनी पाणी अडवलं की जायकवाडीत कमी येतं, तसंच इथे: शेजारचा फॉस्फिन (फॉस्फरसने जोडला जाणारा लिगंड) स्वतःच इलेक्ट्रॉन ओढत असेल तर कार्बनिलच्या वाट्याला कमी येतात, बंध घट्ट राहतो, बँड वर जातो. रसायनशास्त्रज्ञ टोलमन यांनी एक फॉस्फिन आणि तीन कार्बनिल असलेल्या निकेल कॉम्प्लेक्सवर हे मोजलं: ट्राय-टर्शरी-ब्युटिल फॉस्फिनला २०५६, ट्रायफिनाइलला २०६९, फॉस्फरस ट्रायफ्लोराइडला २१११. हे आकडे तक्त्यातूनच शिका. निकेल टेट्राकार्बनिल प्राणघातक आहे आणि ४३ अंशांना उकळतं. मे महिन्यात परभणीची हवाच तेवढी तापते.

कॉलेजात करण्याजोगा प्रयोग सायनाइडचा. पोटॅशियम फेरोसायनाइड २०४४ ला, फेरिसायनाइड २११८ ला. लोहाचा ऑक्सिडेशन अंक दोनचा तीन झाला एवढाच फरक. मोकळा सायनाइड २०८०. एकच लिगंड धातूला जोडल्यावर खालीही जातो आणि वरही, म्हणून ‘जोडला की उतरतो’ हे पाठ करू नका. या क्षारांजवळ आम्ल आणू नका.

दुसरा प्रयोग पेंटाअमाइन (पाच अमोनिया जोडलेल्या) कोबाल्टच्या नायट्रो आणि नायट्रिटो रूपांचा; नायट्राइट नायट्रोजनने जोडला गेला तर नायट्रो, ऑक्सिजनने जोडला गेला तर नायट्रिटो. थंडीत बनवलेलं नायट्रिटो गुलाबी-नारिंगी, तापवून बनवलेलं नायट्रो पिवळसर. नायट्रोचे बँड १४३०, १३१५ आणि ८२५ ला, नायट्रिटोचे १४६० आणि १०६५ ला. गोम अशी की अमोनियाही १३०० आणि ८५० च्या आसपास बोलतो, आणि पेलेटऐवजी न्युजॉल (खनिज तेल) वापरलं तर १४६० त्याचंच. मोकळं रान उरतं ते १०६५. नायट्रिटो ठेवल्या ठेवल्या नायट्रोत बदलतं, म्हणून बनवल्याच दिवशी मोजा, बाकीचं अंधारात फ्रिजमध्ये ठेवा. थोडं मुद्दाम खोलीत ठेवून रोज नवी पेलेट घ्या: १०६५ बसत जाताना आणि ८२५ उठताना दिसतो.

थायोसायनेटला २१०० च्या आसपासच्या बँडवर निकाल देऊ नका, तिथे सरमिसळ असते. कार्बन-सल्फर पाहा: नायट्रोजनने जोडलेला ७८० ते ८६०, सल्फरने जोडलेला ७०० च्या आसपास.

धातू-नायट्रोजनचा बँड लिहिण्याआधी मशीन कुठवर पाहते ते विचारा. ब्रोमाइडची पेलेट ४०० च्या जवळ अपारदर्शक होते आणि त्या टोकाला गोंगाट वाढतो. ४१८ ला दिसलेलं टोक दुसऱ्या पेलेटमध्येही त्याच जागी आलं आणि मोकळ्या लिगंडमध्ये नसलं, तरच तक्त्यात घ्या.