पाळी जाताना पायांची ताकद कशी राखाल

पन्नाशीच्या आसपासची बाई गुडघा दाखवायला आली की मी आधी ती खुर्चीतून उठते कशी, ते बघते. दोन्ही हात मांड्यांवर रेटून उठली, तर मांडीचे स्नायू कमी पडताहेत हे फिजिओथेरपिस्ट म्हणून मला तिथेच कळतं. ‘वय झालं, चालायचंच’ असं तिला घरी सगळ्यांनी सांगितलेलं असतं. मला ते अजिबात पटत नाही.

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. शरीर मात्र त्याच्या कितीतरी आधी बदलू लागतं. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन उतरतं तशी हाडांची झीज वाढते. शेवटच्या पाळीच्या साधारण वर्षभर आधीपासून पुढची दोन वर्षं ती सर्वात वेगाने होते. स्नायूही याच वयात घटतात. म्हणून पाळी मागेपुढे व्हायला लागली की लगेच कामाला लागा.

आधी स्वतःला तपासा. हात नसलेली, न घसरणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उभं राहा आणि बसा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर आशियाई निकषांनुसार स्नायूंची क्षमता कमी समजतात. आकडा लिहून ठेवा.

आता हाच व्यायाम करायचा, पण सावकाश. पावलं कमरेइतक्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुका, टाचांनी जमीन दाबा, श्वास सोडत उठा. बसताना मनात चार आकडे मोजा. बहुतेकजणी इथेच धपकन बसतात आणि अर्धा व्यायाम वाया घालवतात. खाली येताना शरीराचा भार पेलण्यातच मांडी तयार होते. गुडघे आत वळू देऊ नका. दुखत असेल तर बैठकीवर जाड उशी ठेवा, उंची वाढली की भार कमी होतो. आठ ते दहा वेळा, अशा तीन फेऱ्या, आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. सोपं वाटू लागलं की छातीशी वजन धरा. हे वजन वाढवणं टाळू नका. ‘मी रोज चालते की!’ हे मी नेहमी ऐकते. चालणं हृदयासाठी उत्तमच, आठवड्याला किमान १५० मिनिटं चालाच, पण स्नायूला वाढता भार लागतो आणि तो चालण्यातून मिळत नाही.

जोडीला ओट्याला धरून टाचा उचला आणि एका पायावर तोल सांभाळायचा सराव करा.

शिंकताना लघवी निसटते, हे बायका अगदी शेवटी, उठता उठता सांगतात. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. गॅस रोखताना आपण जे स्नायू आवळतो, ते आत-वर ओढून काही सेकंद धरा, मग पूर्ण सैल सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. श्वास रोखू नका, नितंब आवळू नका. लघवी करताना मध्येच थांबवून हा सराव करू नका.

रात्री घामाने झोप मोडत असेल तर व्यायामाला अंगात त्राण कुठून येणार? स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. वय ६०च्या आत असेल किंवा पाळी जाऊन १० वर्षं झाली नसतील, तर बऱ्याच निरोगी स्त्रियांना हार्मोन उपचाराचा फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर ते आधी सांगा. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एकदा जरी रक्त दिसलं, अगदी थेंबभर, तरी वाट न बघता तपासून घ्या.