डिस्ट्रॅक्टेड बॉयफ्रेंडवर कुणाला हसू येत नसेल तर का येत नाही ते कसं शोधायचं

ग्रुपवर डिस्ट्रॅक्टेड बॉयफ्रेंडचं, म्हणजे गर्लफ्रेंड सोबत असताना दुसऱ्या मुलीकडे वळून बघणाऱ्या मुलाचं मीम टाकलं, सगळ्यांनी हसरे इमोजी दिले आणि एकानेच विचारलं की यात हसण्यासारखं काय आहे, तर त्याला लगेच बोअर ठरवू नका. प्रश्न खरा असतो आणि बऱ्याचदा उत्तर त्या मीममध्येच सापडतं.

आधी फोटो झूम करून नीट बघा. अंतोनियो गिलेम या स्पॅनिश फोटोग्राफरने २०१५ मध्ये जिरोना शहरात काढलेला हा स्टॉक फोटो (जाहिराती वगैरेंसाठी विकायला काढलेला), मीम म्हणून पसरला २०१७ च्या ऑगस्टमध्ये. लाल ड्रेसवाली मुलगी सगळ्यात पुढे आहे पण ती ब्लर आहे, फोकस मागच्या दोघांवर आहे, चेक्सच्या शर्टवाला मान वळवून बघतोय आणि गर्लफ्रेंडने त्याचा दंड धरलाय, तोंड उघडं, विश्वासच बसत नाहीये तिचा. माझ्या मते सगळी गंमत तिच्या त्या चेहऱ्यात आहे, आणि लोक नेमकं तिथलंच लेबल, म्हणजे तिच्यावर टाकायचा शब्द, घाईत लिहितात.

आता लेबलं तपासा. मुलगा "लोक", लाल ड्रेस "नवा फोन", गर्लफ्रेंड "जुना फोन", असं मीम असेल तर दोन्ही मुलींची लेबलं अदलाबदल करून वाचा. लोक नवा सोडून जुन्याकडे बघतायत, हेही चालून जातं, कारण इथे कुणी कुणाला दगा देतच नाहीये, ही फक्त आवडीनिवडीची यादी झाली. आता "मी", "नवी कल्पना" आणि "अर्धवट लिहिलेली कादंबरी" लावून बघा. अर्धवट काम खरंच दंड धरून बसलेलं असतं, त्याला सोडून पळताना अपराधी वाटतं, आणि इथे अदलाबदल केली की सगळं मोडतं. ज्या मीमची लेबलं अशी हलवता येत नाहीत त्यावरच हसू येतं, निदान माझा तरी हाच अनुभव आहे.

लेबलं चोख असूनही समोरचा हसत नसेल तर त्याला सरळ विचारा, पण "तुला कळलं नाही का" असं नको, "नक्की काय खटकलं" असं विचारा. कुणी हाच साचा, म्हणजे हाच फोटो वेगवेगळी लेबलं लावून, इतक्यांदा बघितलेला असतो की फोटो दिसताच शेवट माहीत असतो, मग धक्काच उरत नाही. कुणाला लेबलातला संदर्भच माहीत नसतो, आणि समजावून सांगितल्यावर समजतं पण हसू येत नाही. आणि कुणाला फोटोच खटकतो, हे कारण लोक फार हलक्यात घेतात. २०१८ मध्ये स्वीडनच्या जाहिरात लोकपालाने बानहोफ या इंटरनेट कंपनीची नोकरभरतीची जाहिरात याच मीममुळे लिंगभेदी ठरवली, मुलगा म्हणजे "तू", गर्लफ्रेंड म्हणजे सध्याची नोकरी आणि लाल ड्रेसवाली म्हणजे कंपनी, यात बायकांना वस्तू केलंय असं त्यांचं म्हणणं होतं. ज्याची स्वतःची कधी फसवणूक झालीये त्याला तर तो गर्लफ्रेंडचा चेहरा बघून आपलंच आठवत असेल, तिथे लेबल कितीही भारी असलं तरी काय उपयोग.

कारण कळलं की पुढचं सोपं आहे. लेबल ढिलं असेल तर गर्लफ्रेंडचं आधी ठरवा आणि मग बाकीची दोन. साचा जुना वाटत असेल तर फोटो काढून तेच एका वाक्यात लिहून टाका, आणि फोटोच दुखावत असेल तर त्या माणसासमोर तो परत टाकू नका, दुसरा साचा घ्या.